तीन ते अकरा

नऊ वर्षं लागली मला त्या पुस्तकाला.
नऊ वर्षं, दोन जुन्या गाड्या,
आणि दर हिवाळ्यात वाढत गेलेला चष्म्याचा नंबर.
टॅमरॅक जंक्शनच्या एकेका स्वयंपाकघरात बसले,
इतकी कॉफी प्याले की डॉक्टर म्हणाला, पुरे.
गोलरक्षकाच्या गुडघ्याचे एक्स-रे पाहिले,
बस ड्रायव्हरची डिझेलची बिलं,
आणि त्या रात्रीचं तापमान, उणे एकतीस,
विमानतळाच्या नोंदवहीतून उतरवून घेतलं.
पदरचं एक वाक्य घातलं नाही.
कुणी 'बहुतेक' म्हणालं, तर 'बहुतेक' लिहिलं.

मग कॅलिफोर्नियाहून फोन आला.
माणूस गोड बोलायचा.
'जपून करू' म्हणाला,
काचेचं भांडं उचलताना म्हणतात तसं.

पहिल्या मसुद्यात दोन भावांचा एक भाऊ झाला.
इतकी नावं प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणे.
आर्वो गेला, रेइनो उरला,
आर्वोच्या डाव्या हाताच्या फटक्यासकट.
दुसऱ्या मसुद्यात बावीस आठवड्यांचा हिवाळा
सहा मिनिटांत बसला.
माझ्या तळटीपा,
एकशे चौदा होत्या,
कुठे गेल्या ते मी विचारलं नाही.
चेक वटला होता. घरावर नवं छप्पर आलं होतं.

चित्रण मॅनिटोबात. तिथे स्वस्त पडतं.
आमच्याकडे तीनच दिवस आले, मार्च सरता सरता,
आणि बर्फ नेमका वितळलेला.
तेव्हा त्यांनी मशीननं कागदाचा बर्फ उडवला
मुख्य रस्त्यावर, खाणीच्या फाटकावर,
चर्चच्या पायऱ्यांवर, मागच्या थडग्यांवर.
पोरं जिभा बाहेर काढून उभी राहिली,
मग थुंकली.

सिनेमा पहिल्यांदा आमच्याच टॉकीजात दाखवला,
पुढच्या फेब्रुवारीत.
शेवटच्या सामन्यात, तिसऱ्या सत्रात,
रेइनो (पडद्यावरचा, सरळ दातांचा)
मान वळवतो,
आणि काचेपलीकडे त्याचा बाप उभा.
हातात हेल्मेट, भुवयांत खाणीची लाल धूळ.
बोलत काही नाही. तळहात तेवढा काचेला टेकवतो.
संगीत थांबतं.
माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं.

तो आला नव्हता.
माझ्याकडे कार्डाची प्रत आहे.
ओलावी लेहतोला, क्रमांक चव्वेचाळीस सतरा,
सात मार्च, तीन ते अकरा.
घड्याळाचे दोन्ही शिक्के स्वच्छ उमटलेले.
पान एकशे अठ्ठ्याऐंशी.
काळ्या दगडावरची रेघ.

बाहेर पडताना रेइनो भेटला.
सदुसष्ट वर्षांचा, टोपी हातात.
मी माफी मागायला तोंड उघडलं,
तर तोच म्हणाला,
"इंगा, तुझ्या पुस्तकात एक राहिलं गं.
म्हातारा कुठे उभा होता ते तू लिहिलंच नाहीस."

चेष्टा आहे का, म्हणून मी बघत राहिले.
तो बघत होता रस्त्यापलीकडे.
तिथे आर्वोची मुलगी गाडी तापवत बसली होती.
काकाला न्यायला आलेली.
आत आली नव्हती.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.
"बस सुटायच्या आधी
मीच डबा दिला होता त्याला फाटकावर.
पण राहू दे आता."

पुढच्या आठवड्यात प्रकाशकाचं पत्र.
नवी आवृत्ती, मुखपृष्ठावर नटाचा चेहरा,
दुरुस्त्या असतील तर शुक्रवारपर्यंत.
कार्ड काढलं. शिक्के तसेच.
काही नाही, म्हणून कळवलं.

मे महिन्यात आर्वोच्या थडग्याशी गेले.
गवतात अजून तो पांढरा चुरा होता.
कागद आहे, म्हणाले होते; बहुतेक प्लॅस्टिक.
वितळत नाही. वेचावा लागतो.
मूठभर वेचला,
मग गुडघे दुखायला लागले.