वहीत नसलेला रकाना

धुळे रोडच्या पथारीवर
वीस वर्षं मी हजेरी मांडतो.
मिरचीला मालक-मजूर कळत नाही;
ती सगळ्यांना सारखंच शिंकायला लावते,
शेठला, मला, काट्यावरच्या पोराला.

दगा आप्पा मुकादम होते तेव्हा
शिवीशिवाय दिवस उजाडत नसे.
नाव दगा, पण जो काही तो तोंडावर :
पाटीमागे दीड किलो कापायचे, तेही सांगून.
दुपारी मात्र बायांच्या ओळीत मांडी घालून बसायचे,
बोलता बोलता देठ खुडायचे.
ती बोटं बघायला मी वही मिटून थांबायचो.
नवी पोरगी आली, तळवे जळजळले,
की आपल्या डब्यातलं ताक तिच्या हातावर ओतायचे
आणि म्हणायचे, रडू नको, भरेल पाटी.
(मधली शिवी मी गाळली आहे.)

मग मितेशशेठ आले, पुण्याहून शिकून.
शिव्या बंद.
हे थोडं नव्हतं, खोटं कशाला बोलू.
थंड पाण्याचा जार आला, वर हिरवी जाळी आली,
आणि पत्र्याच्या भिंतीवर फळा :
'महिन्याची उत्कृष्ट कामगार'. खाली फोटो.
पहिला मान सुपडाबाईचा. स्टीलची बादली मिळाली.
फोटोत तिनं तोंडावरचा पदर काढला नाही,
म्हणून उत्कृष्ट कोण ते डोळ्यांवरून ओळखावं लागे.
पुढच्या महिन्यापासून बाया
एकमेकींच्या पाटीकडे बघत खुडू लागल्या.
गप्पा कमी झाल्या. पाट्या वाढल्या.
पाटीत देठासकट मिरच्याही वाढल्या.

फेब्रुवारीतली रात्र. तोरणमाळकडून गार वारा,
लाईट गेलेली, आभाळ खाली उतरलेलं.
शेठनी ग्रुपवर टाकलं :
'टीम, आज आपल्याला एकमेकांची गरज आहे.'
बायांमध्ये फोन दोघींकडे,
आणि ते दोन्ही त्यांच्या पोरांच्या उशाखाली.
मी पोचलो तर ताडपत्री ओढत होत्या
सुपडाबाई, रायसीबाई,
आणि अजून एक, अंधारात नाव कळलं नाही.
कुणी बोलावलं?
"कोन्ही नही. लाल चिखल देखावत नही.
आम्हना हात लागेल शे तिले."
आणि आप्पांच्या वेळी यायच्या, ते आप्पांसाठी ना?
"हट! तव्हयबी मिरचीसाठेच."

इतकी वर्षं मी ते
आप्पांच्या खात्यावर जमा करत आलो होतो.

सकाळी वही उघडली.
हजर, गैरहजर, पाटी, कपात, उचल.
त्या रात्रीला बसायला कुठंच जागा नव्हती.

यंदा शेठनी मलाच मुकादम केलंय.
पहिल्याच दिवशी पट्टी घेतली,
म्हटलं, तो रकाना आखून टाकू.
पेन टेकवलं आणि थांबलो.
आखला, तर उद्या त्या रकान्यासाठी येतील.
नाही आखला, तर मी त्यांची रात्र फुकट घेतोय.
दोन्ही मला खरं वाटलं.
रेघ अर्धीच राहिली, अजून आहे तशी.

काट्यापाशी सुपडाबाई उभी होती.
मी विचारलं, काम मन लावून व्हायला
तुम्हाला काय हवं?
विचारताना आवाज मितेशशेठचा निघाला,
माझी मलाच लाज वाटली.
बादली? सावली? फोटो?
तिनं पाटी जमिनीवर उपडी केली,
दोन मिरच्या आत चिकटल्या होत्या, त्याही काढल्या.
"पयले रिकामी पाटी मोज, भो."

मोजली.
एक किलो, वर पन्नास ग्रॅम.

ती काही बोलली नाही.
मागच्या ओळीतलीही कुणी बोलली नाही.
मला शिंक आली, ती मी येऊ दिली,
डोळे पुसायला निमित्त झालं.
वीस वर्षं मी, माझ्या सुवाच्य अक्षरात,
दीड लिहीत आलो होतो.