क्रमांक चोवीस

मे महिना. अमरावती रोडवरची प्रयोगशाळा.
कूलरच्या तोंडाशी, ओल्या खसाच्या वासात
देवदाराची चोवीस रोपं.
बी पहाडातलं, पाकिटातून आलेलं.
बाहेर पंचेचाळीस.

उगवताना प्रत्येकानं बियाचं टरफल
टोपीसारखं डोक्यावर घेतलं,
मग टोपी पडली
आणि आठ-दहा बीजपर्णं
छत्रीच्या काड्यांसारखी उघडली.

रामटेके भाऊ ट्रे फिरवतात, पाणी मोजून घालतात.
"म्याडम, थंडीचं लेकरू हे.
नागपुरात कायले आणलं याले?"
माझ्याकडे उत्तर आहे,
पण ते अनुदानाच्या अर्जात लिहायचं उत्तर.

काड्यांच्या मधोमध
खसखशीच्या दाण्याहून लहान एक घुमट.
तो स्वतः कधीच पान होत नाही.
जरा फुगतो, कुशीला एक उंचवटा सोडतो,
बारका होतो. पुन्हा फुगतो.
दुसरा उंचवटा पहिल्याच्या डोक्यावर नाही,
जरा वळून,
गोल जिन्याची पुढची पायरी असावी तसा.
पानं खाली राहून जून होतात.
तो वर सरकतो, आणि वयानं तिथेच.

हे बघायचं तर कापावं लागतं.
शेंडा मेणात बसवायचा, यंत्राचं चाक फिरवायचं.
कापांची फीत निघते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
फुंकरीनं उडेल अशी,
म्हणून तेवढा वेळ कूलर बंद.
घाम हनुवटीशी येतो, मी मान मागे घेते.
मग लाल रंग, मग काचपट्टी.
मधल्या पेशी मोठ्या, सुस्त;
कडेच्या लहान, गडद, घाईत.

चौदाव्या रोपात एक पान
नुसतं ठरलेलं दिसलं.
उंचवटाही नव्हता अजून,
फक्त तेवढ्या जागच्या पेशी
वेगळ्या दिशेनं दुभागलेल्या.
मी बराच वेळ डोळा हटवला नाही.
त्या पानाचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे.
मीच कापलं.

तेवीस झाली. चोविसाव्याची कुंडी जागेवर नव्हती.
रामटेके भाऊ काचेची भांडी धूत होते,
धुतलेलीच परत.
मी वहीत लिहिलं: क्र. २४, वाळले.
खाली सही केली.

आता सोमवारी चहा ठेवताना
ते न विचारता सांगतात,
"अकरा झाले, म्याडम. बारावं येऊन राहिलं."
बारावं दिसतंय म्हणजे आत
विसावंसुद्धा ठरलं असेल,
पण मी ते बोलत नाही.
विचारते, "रात्री इंदोऱ्यात लाईट गेली होती ना?"
"गेली होती. पुठ्ठ्यानं वारा घातला."