चार बोटं माया

दौलतगंजात माझं दुकान. समोर तांबट,
म्हणून गिऱ्हाईक बोलायचं ते ओरडूनच.
ती बोललीच नाही. वर्तमानपत्राचा तुकडा
मशीनच्या फळीवर ठेवला,
उडू नये म्हणून त्यावर माझाच खडू.

कुठल्याशा थंड मुलुखातली बाई,
आडव्या काठीवर, हवेत बसल्यासारखी,
एक पाय पलीकडे गेलेला, एक यायचा राहिलेला.
खाली छापलेलं : बायकांची उंच उडी. आणि एक आकडा.
मी चड्डीची शिवण बघत होतो.

"अश्शी शिवा," म्हणाली मथुरा,
पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या जगदाळ्यांची थोरली.
आत्या म्हणाली, "गुडघ्याखाली."
मथुरा म्हणाली, "वर."
मी भिंतीकडे तोंड करून उभा. फीत आत्याच्या हातात,
ती आकडे सांगत गेली, मी पाटीवर लिहीत गेलो.
बत्तीस वर्षांच्या धंद्यात
पाठ फिरवून घेतलेलं ते एकच माप.

पायरी उतरताना आत्या वळली,
"मास्तर, माया ठेवा हो. चार बोटं तरी."
वाढतं अंग वगैरे काहीतरी.
ठेवली. कापडाला माया लागतेच.
फक्त आत दुमडायची ती खाली सोडली.
खरं सांगतो, मलाही तो पाय
सगळ्या लष्करासमोर एवढा उघडा नको होता.

रविवारी कंपूच्या मैदानावर चाचणी.
दोन बांबू, मध्ये काठी, पलीकडे वाळू आणि लाकडाचा भुसा.
जी सगळ्यांत उंच जाईल तिचं नाव दिल्लीला,
दिल्लीहून म्हणे पुढे, बोटीवर.
चार फूट. चार फूट तीन.
कासोटा मारून आलेल्या पोरी एकेक करून
सावलीत जाऊन बसल्या.
चार फूट सात.
दोनदा टाच लागली. ही शेवटची.
ड्रिलमास्तर म्हणाले, या उडीला कात्री म्हणतात.
मला हसू आलं.
मग ती धावली.
एक पातं वर. दुसरं पातं वर.
कापायला मध्ये नुसती हवा.
गेली. पाय, कंबर, वेणी, सगळी गेली.
काठीला लागलं ते माझं कापड,
एवढंसं, सुईत दोरा ओवताना मारतो तशी फुंकर.
काठी हलली. थांबली. वाटलं, राहते.
पडली.

सोमवारी ती दुकानात.
म्हटलं, आता ओरडेल, आणि ओरडावंच.
चड्डी फळीवर टाकली.
"मास्तर, माया काढा."
कात्रीला धार कालचीच होती,
तरी चार बोटं कापायला मला दुपार झाली.

बोटीवर कोण गेलं ठाऊक नाही.
ग्वाल्हेरातून कुणी नाही.
थंडी संपेतो ती कंपूवर उडत होती म्हणतात,
काठी धरायला सुट्टीवरचे दोन शिपाई.
चार फूट सात केव्हाच मागे पडले,
असंही कुणी सांगतं. वहीत नाही.
मी बघायला गेलो नाही.

कापलेली पट्टी आहे अजून.
मशीनला तेल घातलं की पुसायला तीच हाती येते.
ठेवून देतो,
आणि दुसरी चिंधी शोधत बसतो.