नेहेत्यांच्या बाजूचा वारा

सातपुड्याकडून निघालेला वारा
आधी माझ्या परसात येतो,
मग तारेच्या कुंपणातून
नेहेत्यांच्या खिडकीत.
एवढं कळायला मला छप्पन्न वर्षं लागली.

डिगंबर नेहेते. जिनिंगमध्ये एकतीस हंगाम.
सरकीपासून रुई सुटायची
आणि चिमूटभर, रोज चिमूटभर,
डिगंबरच्या छातीत जाऊन बसायची.
आता संध्याकाळी त्यांच्याकडून
ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज येतो,
फूटव्हॉल्व्ह गळका असलेल्या मोटरीसारखा:
ओढतंय, पण पाणी चढत नाही.
मी पंप दुरुस्त करतो. मला आवाजावरून कळतं.

तर यंदा भरितासाठी उघड्यावर ढीग पेटवला नाही.
खड्डा खणला,
कडब्यापासून लांब, लिंबाच्या फांद्या चुकवून,
कोपरापर्यंत हात बुडेल एवढा.
काळी माती वरून टणक, आत अजून गार.
वाऱ्याच्या अंगाला हातभर सोडून दुसरं भोक,
तिरकं, तळाशी पहिल्याला भेटणारं.
लोकेश म्हणाला, काका, उंदराचं बीळ का?
म्हटलं, सक्शन पाइप. आगीलाही लागतो.

पऱ्हाट्या मांडीवर मोडून पाहिल्या.
कट्‌ वाजली ती खड्ड्यात,
नुसती वाकली ती परत पत्र्यावर, उन्हात.
तापीतले गोटे लोकेशने हौसेने आणले होते,
ते परत पाठवले. पोटात पाणी असतं त्यांच्या,
तापले की फुटतात.

बापाच्या वेळी रॉकेलची बाटली
आणि सायकलचा जुना टायर.
धुराचा खांब भालोदपर्यंत दिसायचा
आणि खांब दिसला की माणसं निघायची,
फडक्यात कळण्याच्या भाकरी, काखेत कांद्याची पात.
कोणी कोणाला बोलावत नसे.

बाभळीची जाड लाकडं खाली,
वर पऱ्हाट्या,
अगदी वर मूठभर कवडी कापूस.
पेटव, म्हटलं. वरून.
वरून?
वरूनच. जाळ हळूहळू उतरतो,
आणि खालून निघालेल्या धुराला
त्याच्याच तोंडातून जावं लागतं.

आणि खरंच, नव्हता धूर.
फक्त खड्ड्यावरची हवा थरथरत होती,
पलीकडची केळीची पानं पाण्यात बघावीत तशी हलत होती.
कुमुदने बामणोदची वांगी टोचून, तेल लावून दिली.
पाण्याची बादली डाव्या हाताला, ओलं पोतं उजव्या,
लोकेशची नायलॉनची पँट चार पावलं मागे.
साली काळ्या पडल्या, देठाशी रस उकळला.

सात वाजले.
बडजी धुऊन पुसून तयार.
कोणी आलं नाही.

कुंपणाशी गेलो. खिडकीत डिगंबर, नाकात नळी.
म्हणाला, धूर नही दिसला,
म्हनून म्हटलं यंदा भरीत नही.

मी तसाच उभा.
उभ्या जन्मात तोंडाने बोलावलं नव्हतं याला,
वाक्य कुठून सुरू करायचं तेच कळेना.
शेवटी म्हणालो, ये ना भो.
त्याने नळीला बोट लावलं:
हे घेऊन जाळाजवळ नही येता येत.

मग परत आलो. वांगी काढली.
आगीवर पाणी ओतलं नाही, शिंपडलं,
ओंजळी-ओंजळीने, राख उडू नये म्हणून.
काठीने तळ ढवळला. परत पाणी.
पंजाची पाठ राखेवर धरली, ऊब लागली.
परत पाणी, परत काठी, परत पंजा,
राख हाताला चिखलासारखी गार लागेपर्यंत.
भरिताला लागला नाही एवढा वेळ विझवायला लागला.

डिगंबर आला, लहान सिलिंडर त्याच्या पोराच्या हातात.
खुर्चीवर बसला. मुसळ मागितलं.
चार ठोके, थांबला.
तीन ठोके, थांबला.
बडजी मी पायात धरून ठेवली होती, इकडेतिकडे बघत होतो.
मग त्याने बोटभर चाखलं आणि म्हणाला,
बी जास्ती निघालं रे यंदा.