देवमासा

चौघांनी तो आत आणला तेव्हा
जुन्या न्हाणीघराची चौकट तासावी लागली.
बंदरापलीकडच्या भंगारवाल्यानं घेतली
दोन पोती बटाटे, एक बाटली, आणि वर
माझ्या भावाची सायकल,
जी भाऊ अजून शोधतो आहे.
नव्वद किलोचा रिसीव्हर.
रशियन आरमारातली पोरं त्याला देवमासा म्हणत.
इल्मार्स म्हणाला, "स्काइद्रीते, फक्त एक हिवाळा."

हा तिसरा.

पहिला नुसती धूळ काढण्यात गेला,
दाढीच्या ब्रशनं, फटीफटीतून.
आत उंदरांनी संसार थाटून मोडला होता.
कंडेन्सरांतलं मेण ओघळलेलं;
वास, मेणबत्त्या विझल्यावर चर्चमध्ये येतो तसा.
दुसऱ्या हिवाळ्यात तो एकेक कंडेन्सर उपटत गेला,
टरफलं पोखरून त्यांत नवे दडवत गेला,
बाहेरून सगळं जुनंच दिसावं म्हणून.
मला हसू आलं.
लिएपायात आमच्या पिढीला हे शिकवावं लागत नाही.

पण ह्याच जनावराची शुश्रूषा का?
एकोणपन्नासच्या मार्चात दोन शिपाई आले,
सासऱ्यांना घेऊन गेले, आणि त्यांचा रेडिओ.
पावती दिली ती रेडिओची.
अजून आहे पिठाच्या डब्यात, जांभळ्या शिक्क्याची.
आणि हा, किनाऱ्यावर चाळीस वर्षं
समुद्राचा कानोसा घेत बसलेला,
कुठल्या जहाजावर कोण काय पुटपुटतं ते टिपणारा.
भिंतींना कान असतात म्हणतात.
हे ते कान. आमच्या न्हाणीघरात. माझ्या कपड्यांच्या टेबलावर.

एकदा बोललेही तसं.
तो डाख देत होता.
कथलाचा थेंब चकाकला, निवला, करडा झाला.
"ऐकायला बसवलं होतं त्याला," तो म्हणाला,
"काय ऐकायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं."
हे मला पटलं नाही. अजूनही नाही.

मग मागचं झाकण निघालं
तर आतल्या अंगाला पेन्सिलीच्या रेघा.
पाच-पाचांच्या जुड्या, शेवटी एक सुटी.
एकाहत्तर.
खाली: गेना, वोलोग्दा.
घरी जायचे दिवस मोजत असणार पोरगं
रात्रपाळीत, कानांवर घामट रबर,
बाहेर बर्फात ह्याचीच गुरगुर.
एकाहत्तरला का थांबला कोण जाणे.
बदली झाली, किंवा पेन्सिल संपली,
किंवा कुणी पाहिलं.
इल्मार्सनं सगळी पेटी नव्या करड्या रंगानं रंगवली,
तेवढ्या जागेवर मात्र आधी चिकटपट्टी लावली.
तिथे गंज चढतो आहे.
मी बोलत नाही.

काल वीज दिली.
एकदम नाही: दहा-दहा व्होल्टनं, दिवसभर.
गारठलेल्या माणसाला कुणी थेट चुलीत घालत नाही.
पन्नासला काहीच नाही.
नव्वदला करपट धूळ.
दीडशेला इल्मार्स बाहेर जाऊन सिगरेट ओढून आला,
जी त्यानं कधीच सोडली आहे.
दोनशेवीसला दुधी काचेवर आकडे उगवले,
नुसत्या उजेडाचे, बारीक,
आणि त्यानं चाक फिरवलं तसे सरकू लागले
संथ, जड,
पाण्याखाली काहीतरी कूस बदलावं तसे.

खरखर. एक लांब शिट्टी.
कुणाचं तरी मोर्स, कुणासाठी तरी, घाईत.
मग अचानक एक बाई, स्वीडिश बोलणारी,
इतकी जवळ की तिचं पान उलटणं ऐकू आलं.
वारा वायव्येचा. लाटा दोन मीटर.
गोतलांदच्या पूर्वेला धुकं.
तेवढं मला कळतं, वडील मासेमार होते.

इल्मार्सनं आवाज वाढवला.
मी उठून पडदा ओढला.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"वारा येतोय," मी म्हणाले.