शेवटचं बूच

वडगावात विणकर पतसंस्थेच्या मागच्या खोलीत
रविवारी दुपारी सर्व्हर बसवला.
नवा म्हणजे आम्हाला नवा. हुबळीच्या कुठल्याशा बँकेनं
टाकून दिलेला, अंगावर त्यांचं कन्नड स्टिकर अजून.
त्याला जोडायचं होतं जुन्या डिस्कांचं पेटारं,
टेपचा डबा, आणि पासबुक छापणारा प्रिंटर
जो कागद गिळताना कण्हतो.

तिकोटेअण्णा शिपाई. किल्ली त्यांच्याकडे,
म्हणून तेही थांबले,
स्टुलावर बसून सुपारी कातरत.

केबल बोटभर जाड, अडुसष्ट पिनांची.
एक पिन वाकली की अख्खी पंगत उठते.
हळूच आत सारली, दोन्ही स्क्रू आवळले,
बटण दाबलं. पंखे गरजले
सांबऱ्याला विमान उतरतंय असे,
आणि पडद्यावर काहीच नाही.

"काय झालं गा?"
"दोघांचा नंबर तीन आहे अण्णा. डिस्कचा पण, टेपचा पण.
हाक मारली की दोघं एकदम ओ देतात.
ह्याला मग कुणाचंच ऐकू येत नाही."
"बदल की एकाचा."
"जंपर काढायला पाहिजे."
अडकित्ता थांबला.
"कुणाचा?"

नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा दाखवला
तेव्हा ते इतके हसले की डोळे पुसावे लागले.
चाळीस वर्षं त्यांनी जंपराचेच खण विणले होते,
जकार्डाच्या पुठ्ठ्यांना स्वतः भोकं पाडून,
दोऱ्यात ओवून.
"एक पुठ्ठा मागंपुढं झाला
की मोराची मान पाठीवर येतीया."

माझा चिमटा त्या फटीत पोचेना.
त्यांनी खिशातून ताणा ओढायचा हूक काढला,
चष्मा कपाळावर सारला,
आणि जंपर तीनवरून पाचवर नेला
तुटलेला धागा गाठवावा तसा,
माझ्याकडे न बघता.

डिस्क दिसली. नाव आलं, बी.
बंद करून परत चालू केलं. नाव आलं, सी.
"असं कसं?"
"जागं व्हायचा क्रम बदलला की नाव बदलतं."
"बरोबर हाय. पाटीवर बेळगाव, बसवर बेळगावी,
माझ्या रेशनकार्डावर तिसरंच कायतरी.
खरं दूधवाला कधी चुकला न्हाई."

मी दाखवला डिस्कच्या पोटातला
छत्तीस अक्षरांचा क्रमांक, जो बदलत नाही,
आणि फायलीत नावाच्या जागी तोच लिहिला.
त्यांनी वाचून बघितला. सातव्या अक्षराला सोडला.
"ह्याला हाक कशी मारायची पण?"
मला उत्तर आलं नाही.

प्रिंटरनं कन्नड झकास छापलं.
मराठीत नुसत्या चौकटी.
फॉन्ट घातला तर जोडाक्षरं फुटली,
'शिल्लक' मधला अर्धा ल एकटाच पडला.
दरम्यान लाईट एकदा जाऊन आली.
'शिल्लक' सलग उमटलं तेव्हा साडेसहा झाले होते,
समोरच्या गल्लीत एकच यंत्रमाग चालू होता.

राहिलं शेवटचं बूच,
साखळीच्या टोकाच्या पेटीमागे लावायचं.
"वायर कुठाय त्याला?"
"नसते. सिग्नल टोकाला पोचला की आपटून मागे फिरतो,
येणाऱ्याच्या अंगावर जातो.
हे त्याला तिथंच जिरवतं."
"आम्ही दशी सोडून गाठ मारतो की, ते," म्हणाले
आणि स्वतःच्या हातानं बसवलं.

डब्यात तसलं एक जास्तीचं होतं.
कुलूप लावताना बघितलं तर नव्हतं.
अण्णा पुढे चालले होते,
खिशात सुपारीशी काहीतरी खडखडत होतं.
मी पिशवी सायकलला अडकवली
आणि टेपचं विचारायचं राहिलंच,
रोज संध्याकाळी ती कोण बदलणार.