सूतभर

ओरेस्ट ह्नातिउक येतो तेव्हा
बाहेर उणे एकतीस,
आणि हँगरातला हीटर एकाच बाजूने तापणारा.
हातमोजे न काढताच म्हणतो,
"ग्वेन, योक डुलतोय. बघ जरा."

बघायचं काय त्यात.
चौसष्ट सालचं विमान, चार आसनं,
सास्कॅचवानच्या उत्तरेला तळ्यामागून तळी ओलांडत
टपाल, इन्सुलिन, बाळांचे लंगोट,
एकदा तर पियानो शिकवणारी एक बाई, मांजरासकट.
योक वर उचलला की बोटाखाली टक.
सोडला की पुन्हा टक.
मोजला: सूतभर खेळ.
सूतभराचं काय एवढं, म्हणणारे लोक
जमिनीवर राहतात.

मी उलटी झोपते. डोकं पेडलांपाशी,
पाय आसनाच्या पाठीवर, दातांत टॉर्च.
पॅनेलमागे साखळी, तारा,
कुणाची तरी हरवलेली पेन्सिल,
माझ्या जन्माआधीची धूळ.
कॉलरचे तीन स्क्रू. दोन निघतात.
तिसऱ्याशी मी दीड तास बोलते,
ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

मग बुश हातात येतो.
पांढरा होता म्हणे. आता जुन्या दातासारखा पिवळा,
गोल भोक अंड्यासारखं झालेलं,
झीज सगळी खालच्या अंगाला.
कारण माणूस योक नुसता धरत नाही,
त्यावर हात टाकून बसतो,
शेजाऱ्याशी बोलताना कुंपणावर टाकावा तसा,
आणि तेवढं वजन, नुसत्या बोटांचं,
साठ वर्षं नायलॉन खात राहतं.

नवा बुश अठरा डॉलरांचा.
त्याच्यासोबत आलेले कागद त्याच्याहून जड.
नळी कोरड्या फडक्याने पुसली. ग्रीस नाही.
ग्रीस धूळ धरतं, धुळीची कानस होते,
हे ओरेस्टला दरवर्षी सांगावं लागतं.
बसवला. पिन, नट, वर नवी कॉटर पिन.
आत ढकलला, बाहेर ओढला,
टक नाही.
डावीकडे वळवला, डाव्या पंखाची झडप वर.
उजवीकडे, उजवी वर.
हे बघायचंच. उलट्या जोडलेल्या तारांची चूक
हवेत गेल्यावर कळून उपयोग नाही.

"बस," म्हटलं त्याला. "धरून बघ."

तो बसला. हातमोजे काढले. धरला.
आणि योक थरथरला.

थोडासाच.
मी आधी बुशकडे पाहिलं, सवयीने.
मग कॉलरकडे.
मग हीटरकडे, उगाच.
ओरेस्टने हात उचलला, योक थांबला.
पुन्हा ठेवला.
"घट्ट बसलाय," तो म्हणाला.
"हो."
"आधी ढिला होता. त्यात कळत नव्हतं."
काय कळत नव्हतं,
मी विचारलं नाही.

चौपन्न वर्षं हा माणूस
सुतावरून स्वर्ग गाठत आलाय,
धुक्यात, बर्फात, एकदा फुटलेल्या काचेनिशी.
तेवढी ढिलाई त्याच्या हाताने
कधी सांभाळली, कधी पांघरली,
कुणाला माहीत.

लॉगबुकात लिहिते: तारीख, उड्डाणाचे तास,
जुना बुश काढला, नवा बसवला,
हालचाल तपासली, अडथळा नाही.
सही.
रकाना विमानाचा आहे.
त्याचा रकाना डॉक्टरकडे, प्रिन्स अल्बर्टला,
आणि तिथे तो नेहमी उडत जातो.

"मार्चमध्ये तपासणी आहे," तो म्हणतो.
मी काही विचारलेलं नसतं.
"ट्रकने जाऊ," मी म्हणते. "मलाही टायर घ्यायचेत."
टायर मी ऑक्टोबरात घेतलेत. त्यानेच उतरवून दिले होते.

तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
बाकावरचा जुना बुश उचलतो,
अंगठ्यात घालून बघतो.
मोठा होतो.